पंधरा किलोचा डबा आणि वरचं बीपी

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजाराचे आठवड्याचे भाव वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा साखर, गूळ आणि डाळींच्या सोबतीने तेलांचीही एक ओळ असते. वर्षानुवर्षं ती तशीच आहे : ‘१५ किलो/लिटर’ असं म्हणून शेंगदाणा तेल, रिफाइंड शेंगदाणा, सोयाबीन, पाम, सूर्यफूल, वनस्पती, खोबरेल. किलो आणि लिटर यांच्यामधल्या त्या तिरक्या रेघेत सव्वा किलोहून जास्त तेल गडप होतं, कारण पंधरा लिटर तेल म्हणजे जेमतेम तेरा किलो सातशे ग्रॅम. पण तो विषय वेगळा. आपला विषय त्या यादीतल्या नावांचा आहे. खोबरेलात बहुअसंतृप्त (पॉलीअनसॅच्युरेटेड) स्निग्धाम्लं शेकडा दोनच्या आसपास असतात, पामतेलात दहा, शेंगदाण्यात तीस, सोयाबीन आणि सूर्यफुलात साठ किंवा त्याच्याही पुढे. वनस्पती तूप तर तेलातल्या याच स्निग्धाम्लांवर हायड्रोजनचा मारा करून घट्ट केलेला पदार्थ. भाव बाजूला ठेवून ही यादी वाचली, तर आहारशास्त्रातल्या जवळजवळ शंभर वर्षांच्या वादाची ती अनुक्रमणिका आहे.

आणि त्या वादाचा घरगुती अवतार तेलाच्या गाळ्यावर रोज ऐकू येतो : “शेठ, घरात बीपीवालं माणूस आहे, कुठलं तेल नेऊ?” शेठ सूर्यफूल म्हणतात, हल्ली भाताच्या कोंड्याचं म्हणतात, कुणी लाकडी घाण्याचं करडीचं सुचवतो. उत्तरं बदलतात. बीपी तेलाच्या डब्यातून उतरतं, हे गृहीतक मात्र बदलत नाही. ते कितपत खरं आहे, हे तपासण्याइतका पुरावा आता जगात जमला आहे. त्या पुराव्याचा कौल आधीच सांगतो : डबा बदलून बीपी फारसं हलत नाही. बहुअसंतृप्त स्निग्धाम्लांचा रक्तदाबावर जो काही परिणाम आहे, तो मुख्यतः त्यांच्यातल्या एका कुळाचा आहे, माफक आहे, आणि ते कूळ तेलाच्या गाळ्यापेक्षा मासळीबाजारात आणि जवसाच्या पोत्यात जास्त सापडतं.

कुळं दोन. पहिलं ओमेगा-६, म्हणजे मुख्यतः लिनोलेइक आम्ल. करडई, सूर्यफूल, सरकी, सोयाबीन, तीळ, कारळे यांत हे भरपूर. दुसरं ओमेगा-३. यात वनस्पतींतलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल येतं, जे जवसात सर्वांत जास्त, अक्रोडात बऱ्यापैकी, मोहरी आणि सोयाबीन तेलात थोडं असतं. आणि माशांतली लांब साखळीची ईपीए आणि डीएचए ही दोन येतात. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक आम्लं शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी दांपत्याने १९२९ साली उंदरांना चरबीविरहित अन्नावर ठेवलं. त्यांची कातडी खवल्यांसारखी झाली, वाढ खुंटली आणि ते मेले. चरबी म्हणजे नुसतं इंधन ही समजूत तिथे मोडली. अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून आपलं शरीर ईपीए बनवतं खरं, पण फार कंजूषपणे. डीएचए तर जवळजवळ नाहीच. ही कंजुषी पुढे महत्त्वाची ठरते.

रक्तदाबाशी यांचा संबंध येतो कुठे? ही स्निग्धाम्लं पेशींच्या आवरणात जाऊन बसतात आणि तिथून शरीर त्यांचे प्रोस्टाग्लँडिनसारखे संदेशवाहक रेणू घडवतं. त्यांतले काही रक्तवाहिनी आवळतात, काही सैल करतात. या रेणूंवरच्या कामाला १९८२ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ईपीए-डीएचए जास्त असतील तर रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक सोडतं आणि वाहिनी थोडी मोकळी होते, असं दिसतं. कागदावर हे सगळं इतकं सरळ आहे, की १९८० च्या दशकात तेल बदललं की बीपी उतरलंच पाहिजे असं अनेकांना वाटलं.

त्यांना बळ दिलं फिनलंडने. उत्तर कारेलिया हा तिथला हृदयविकाराने गाजलेला परगणा. तिथल्या सत्तावन्न जोडप्यांवरचा प्रयोग पेक्का पुस्का आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. एका गटाच्या जेवणातली एकूण चरबी कमी केली आणि उरलेल्या चरबीत लोण्याच्या जागी बहुअसंतृप्त तेलांचा वाटा वाढवला. वरचं बीपी आठ-नऊ अंकांनी उतरलं आणि लोक जुन्या जेवणावर परतल्यावर पुन्हा चढलं. मीठ कमी केलेल्या दुसऱ्या गटाला एवढा फरक पडला नाही. निकाल नाट्यमय होता, पण त्यात एक गाठ आहे. एकूण चरबीही घटवली आणि चरबीचा प्रकारही बदलला. मग श्रेय कशाला द्यायचं? पुढे फक्त चरबीचा प्रकार बदलून पाहणारे प्रयोग झाले तेव्हा तो आकडा पुन्हा हाती लागला नाही. लोकांच्या खाण्याची नोंद ठेवून केलेल्या मोठ्या पाहण्यांत, उदाहरणार्थ चार देशांतल्या ४,६८० माणसांच्या ‘इंटरमॅप’ या अभ्यासात, लिनोलेइक आम्ल जास्त खाणाऱ्यांचं बीपी किंचित कमी दिसतं. पण ते एखाद-दीड अंकाने, आणि असा माणूस इतर गोष्टीही बऱ्याच वेगळ्या खातो.

इथे महाराष्ट्रापाशी थांबावं लागतं, कारण लिनोलेइक आम्लाचा राजा आपल्याच काळ्या मातीतला आहे. करडईच्या तेलात ते शेकडा सत्तरच्या पुढे असतं. रोजच्या वापरातल्या कुठल्याही तेलात इतकं नसतं. सोलापूर, मराठवाडा, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यात रब्बी ज्वारीत करडईच्या ओळी घालायची रीत होती. काटेरी असल्याने बांधाकडेला पेरली की जनावरंही आत शिरत नसत. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईच्या बिनकाट्याच्या जाती आणि संकरित वाण काढले. मुंबईत याच तेलावर एक अख्खा ब्रँड उभा राहिला. ‘सफोला’ या नावातच करडईचं इंग्रजी नाव दडलेलं आहे, आणि हृदयाची काळजी म्हणजे हा डबा असं समीकरण मध्यमवर्गाच्या डोक्यात त्याच्याच जाहिरातींनी पक्कं केलं. आज त्याच नावाच्या डब्यांत करडईची जागा बऱ्याच अंशी भाताच्या कोंड्याच्या तेलाने घेतली आहे. शेतातली जागा हरभऱ्याने घेतली. काट्यांतून कापणी-मळणी करायला मजूर मिळेना, मावा पडायचा, भाव नीट मिळेना. शेतकऱ्याने रब्बीत हरभरा धरला यात त्याचं काय चुकलं? भुसार बाजाराच्या भावयादीतही करडीचं तेल आता शोधावं लागतं.

पण करडईची सगळ्यात चमत्कारिक कहाणी सिडनीतली आहे. १९६६ ते १९७३ या काळात तिथे नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांची विभागणी करून एका गटाला लोणी आणि प्राणिज चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईचं मार्गारिन दिलं गेलं. कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे उतरलं. मृत्यू मात्र वाढले : करडई गटात शेकडा १७.६, दुसऱ्या गटात ११.८. या प्रयोगाची जुनी माहिती शोधून तिची पूर्ण फेरमांडणी क्रिस्टोफर रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘बीएमजे’त छापली. याच गटाने २०१६ मध्ये मिनेसोटातल्या नऊ हजारांवर माणसांच्या मकातेलाच्या प्रयोगाचीही अशीच फेरतपासणी केली. तिथेही कोलेस्टेरॉल घटलं आणि मृत्यू घटले नाहीत. लगेच करडईच्या तेलाला विष ठरवणारे लेख निघाले. ते उतावळेपणाचं होतं. त्या काळच्या मार्गारिनमध्ये तेल घट्ट करताना तयार होणारं ट्रान्स फॅट असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या प्रयोगात ओमेगा-३ची जोड नव्हती. उलट बाजूला निवडक चाचण्या एकत्र करून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये सांगितलं, की संतृप्त चरबीच्या जागी बहुअसंतृप्त चरबी घेतल्यास हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार शेकडा तीसच्या आसपास कमी होतात. एकोणपन्नास चाचण्यांचा, ‘कॉक्रेन’ या संस्थेचा २०१८ चा आढावा अधिक सावध आहे : हृदयविकाराच्या घटना किंचित कमी होतात, एकूण मृत्यूंत फारसा फरक नाही.

माझं मत कॉक्रेनच्या बाजूला झुकतं. पण या भांडणातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. दोन्ही बाजू कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराबद्दल भांडत आहेत, रक्तदाबाबद्दल नाही. सूर्यफुलाच्या डब्यावरचं लाल हृदय पाहून ग्राहक बीपीचा निष्कर्ष काढतो, ती त्याची स्वतःची भर. लोणी-वनस्पती सोडून असं तेल घेतल्यास एलडीएल कोलेस्टेरॉल उतरतं, हे पक्कं आहे. बीपीवाल्याला अनेकदा कोलेस्टेरॉल उतरवण्याचीही गरज असते, त्यामुळे सल्ला फुकट जात नाही. फक्त तो ज्या कारणासाठी दिला जातो, ते कारण चुकीचं आहे.

आता दुसरं कूळ. माशांच्या तेलावरच्या प्रयोगांची संख्या इतकी आहे, की त्यांचा एकत्रित हिशेब करता येतो. २०१४ साली अशा सत्तर चाचण्यांचा हिशेब झाला : ईपीए-डीएचएने वरचं बीपी सरासरी दीड अंकाने आणि खालचं एका अंकाने उतरतं. हे सगळ्या माणसांचं मिळून. ज्यांचं बीपी मुळातच वाढलेलं होतं आणि ज्यांना गोळी सुरू नव्हती, त्यांच्यात हा उतार साडेचार आणि तीन अंकांचा होता. २०२२ मध्ये एकाहत्तर चाचण्यांवरून मात्रेचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला दोन ते तीन ग्रॅम ईपीए-डीएचए ही सगळ्यात फायद्याची मात्रा दिसली. सरसकट पाहिलं तर त्याहून जास्त घेऊन जास्त मिळत नाही; बीपी वाढलेल्यांत मात्र थोडा अधिक फायदा होऊ शकतो. आणि ज्यांचं बीपी अजून वाढलेलं नाही, नुसतं काठावर आहे, त्यांना याने उपयोग होतोच असं नाही. १९९२ साली छापल्या गेलेल्या अमेरिकेतल्या रक्तदाब-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत दिवसाला तीन ग्रॅम ओमेगा-३ सहा महिने देऊनही लक्षणीय फरक पडला नव्हता.

हे आकडे गोळीशेजारी ठेवून पाहावेत. बीपीची कुठलीही एक नेहमीची गोळी पूर्ण मात्रेत घेतली की वरचं बीपी सरासरी नऊ अंकांनी उतरतं. म्हणजे माशाचं तेल उत्तम परिस्थितीत अर्ध्या गोळीएवढं. त्याला हिणवू नये, कारण २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार वरचं बीपी पाच अंकांनी उतरलं तरी हृदयविकार-पक्षाघाताच्या गंभीर घटना शेकडा दहाने घटतात. पण त्याला औषधही म्हणू नये. औषधांच्या दुकानातल्या नेहमीच्या एक ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून जेमतेम तीनशे मिलिग्रॅम असतात. दोन ग्रॅमसाठी रोज सहा-सात कॅप्सूल. आणि मोठ्या मात्रेत हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हे अलीकडच्या चाचण्यांत दिसलं आहे. बीपीवाल्याला तो धोका आधीपासूनच थोडा जास्त असतो. पाव अंकाच्या आशेने रोज एक कॅप्सूल गिळणं म्हणजे फक्त खर्च.

मासेच खाल्ले तर? गणेश पेठेतल्या मासळीबाजारात पापलेट-सुरमईला मान आहे, तारली आणि बांगड्याला नाही. ओमेगा-३च्या हिशेबात क्रम नेमका उलटा लागतो. तेलकट तारलीच्या शंभर ग्रॅममध्ये हंगामाप्रमाणे एक ते दोन ग्रॅम ईपीए-डीएचए मिळू शकतात. पावसाळ्यानंतर ती चरबीने भरते तेव्हा जास्त. आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा, ही या सगळ्या शास्त्रातली कदाचित सर्वांत स्वस्त सूचना असेल. अट दोन शब्दांची : खारवलेला नको. कोकणातला खारा बांगडा ओमेगा-३ देतो आणि मिठाने वसूल करतो.

पुण्यातला मोठा वर्ग मासे खातच नाही, आणि त्याच्यासाठी उरतं जवस. भुसार विभागात तेलबियांच्या पोत्यांमध्ये ते असतं, चकचकीत तपकिरी. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते चटणीवाल्यांशिवाय कुणी विचारत नसे, आता पाकिटबंद होऊन ‘फ्लॅक्ससीड’ नावाने दुप्पट भावाने विकलं जातं. जवसाबद्दलचा सगळ्यात जोरदार पुरावा कॅनडातल्या विनिपेगहून २०१३ मध्ये आला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम भरडलेलं जवस पाव-मफिन-पास्त्यात घालून दिलं, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पदार्थांत गहू. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी जवस गटाचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा दहा अंकांनी आणि खालचं सात अंकांनी कमी होतं. त्यांतले बहुतेक लोक गोळ्याही घेत होते, तरी. खाण्याच्या एकाच पदार्थाने एवढा उतार क्वचितच दिसतो.

इथे मी थोडा संशयी होतो. नंतर पंधराएक चाचण्या एकत्र केल्यावर जवसाचा परिणाम वरच्या बीपीत दोन-तीन अंकांवर आला. आणि एक बारीक गोष्ट : भरडलेल्या बियांचा परिणाम दिसतो, नुसत्या जवस तेलाचा वरच्या बीपीवर तितका स्पष्ट दिसत नाही. म्हणजे काम एकट्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचं नसावं. जवसात तंतू आहेत, लिग्नान आहेत, पोटॅशियम आहे. बहुअसंतृप्त चरबी रक्तदाब कमी करते, असं वाक्य लिहिताना ती चरबी बियात होती की बाटलीत, हे विचारावं लागतं.

जवस हा विदर्भाचा जुना विषय आहे. नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडे धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर जवस घ्यायची पद्धत होती, आणि जवसाचं तेल तिथल्या स्वयंपाकात रोजचं होतं. सोयाबीन आणि पामच्या स्वस्त तेलांनी ते स्वयंपाकघरातून हटवलं. रंग आणि वॉर्निशवाल्यांनी धरून ठेवलं. पुण्यात भारती विद्यापीठात डॉ. एम. व्ही. हेगडे यांच्या गटाने राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्पातून जवसावर बरंच काम केलं. जवस खाऊ घातलेल्या कोंबड्यांची ओमेगा-३ची अंडी त्यातूनच आली. कोंबडी अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून डीएचए बनवण्यात माणसापेक्षा उदार असते, हा त्यामागचा धागा.

आणि याच विद्यापीठाच्या धनकवडीतल्या आरोग्य संशोधन संस्थेत, म्हणजे मार्केट यार्डापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, डॉ. साधना जोशी यांच्या गटाने या प्रश्नाचा एक वेगळाच पैलू वर्षानुवर्षं तपासला : गरोदरपणातला उच्च रक्तदाब. प्री-एक्लॅम्प्सियात आईचं बीपी वाढतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, आणि आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. पुण्यातल्या अशा गरोदर बायकांत डीएचएसारख्या लांब साखळीच्या स्निग्धाम्लांची पातळी घटलेली या गटाला आढळली, आणि तिचा संबंध फॉलिक आम्ल व बी-१२ यांच्या चयापचयाशी लागतो असं त्यांचं म्हणणं आहे. शाकाहारी, बी-१२ कमी असलेल्या पुण्याला हा विचार विशेष लागू आहे. मात्र पातळी कमी आढळणं आणि ती भरून काढल्यावर आजार टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरोदरपणात ओमेगा-३ देण्याच्या सत्तर चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१८ मध्ये आला. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं त्याने निश्चित घटतात, पण प्री-एक्लॅम्प्सिया घटतो असं ठाम म्हणता येत नाही. मला विचाराल तर बहुअसंतृप्त चरबी आणि रक्तदाब यांवरचं पुण्याचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि तेलाच्या जाहिरातींत त्याला कधी जागा मिळालेली नाही.

घरी यातलं काय करता येईल? महाराष्ट्राच्या सुक्या चटण्या या दृष्टीने फार शहाण्या आहेत. जवसात ओमेगा-३, कारळे आणि तिळात ओमेगा-६, शेंगदाण्यातही थोडं ओमेगा-६च. अडचण दोन ठिकाणी आहे. विनिपेगची मात्रा रोज ३० ग्रॅम होती, म्हणजे चार मोठे चमचे. ताटात वाढलेली चमचाभर चटणी म्हणजे सात-आठ ग्रॅम जवस. एवढ्याने रोजच्या गरजेचं अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं, पण बीपी उतरवण्याची मात्रा पुरी होत नाही. आणि चमचे वाढवले की मीठही वाढतं, कारण चटणी मिठाशिवाय होत नाही. बीपीवाल्याने जवस भाजून, भरडून, मीठ न घालता ताकात, भाकरीच्या पिठात किंवा भाजीत घालावं. अख्खं खाल्लं तर ते तसंच बाहेर पडतं. भरडून फार दिवस ठेवलं तर खवट होतं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

मीठ आलं की तेलाचा दिमाख उतरतो. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग पाहणीनुसार आपण सरासरी आठ ग्रॅम मीठ रोज खातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. अमेरिकेतल्या ‘डॅश’ आहाराच्या २००१ च्या प्रयोगात भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध असलेलं जेवण आणि कमी मीठ यांची जोड घातल्यावर बीपीच्या रुग्णांचं वरचं बीपी साडेअकरा अंकांनी उतरलं. चीनमधल्या सहाशे खेड्यांत साध्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, तर पक्षाघात शेकडा चौदाने घटले. २०२१ चा निकाल. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याला किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला असलं मीठ धोक्याचं, हे मात्र विसरायचं नाही. मार्केट यार्डाच्याच भाषेत बोलायचं तर बीपीच्या रुग्णाचं मुख्य काम तेलाच्या गाळ्यात नाही, फळं-भाजीपाला विभागात आहे.

तेलाचा बीपीशी खरा धागा असेल तर तो प्रकाराचा नाही, मापाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो. म्हणजे पंधरा किलोचा डबा साडेचार महिन्यांहून जास्त चालला पाहिजे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो आहे; त्या वेगाने तोच डबा सत्तर दिवसांत संपतो. त्यात बाहेरचं फरसाण, वडे, बिस्किटं सगळं आलं, पण शरीराला ते कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. सूर्यफुलाचं तेल असो की करडईचं, ग्रॅमला नऊ कॅलरी. जास्तीचं सत्तावीस ग्रॅम म्हणजे दिवसाला अडीचशे कॅलरी, आणि वजनाचा हिशेब बीपीत सरळ उतरतो : एक किलो वजन घटलं की वरचं बीपी साधारण एका अंकाने घटतं. चांगलं तेल आहे म्हणून सढळ हाताने ओतणाऱ्या घरात बीपी चढतं ते या वाटेने. शिवाय जागतिक पातळीवर शिफारस केलेलं बहुअसंतृप्त चरबीचं माप, उष्मांकाच्या सहा ते अकरा टक्के, त्या २७ ग्रॅममध्ये सूर्यफूल किंवा सोयाबीन असेल तर बऱ्याच अंशी तिथेच पुरं होतं. ओमेगा-६ची टंचाई पुण्यात कुणालाच नाही.

तळणाचाही एक कोपरा आहे. बहुअसंतृप्त तेलांचे दुहेरी बंध उष्णतेला आणि हवेला सर्वांत आधी बळी पडतात; करडई-सूर्यफुलाच्या तेलात पुन्हा पुन्हा तळलं की त्यातला गुणच अवगुण होतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात तापवून तापवून तयार होणाऱ्या ध्रुवीय घटकांची मर्यादा पंचवीस टक्के ठरवली, आणि २०२२ पासून तेल-वनस्पतीतलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर आणलं. वनस्पतीच्या भावाची ओळ अजून छापून येते, पण ते पूर्वीचं वनस्पती राहिलेलं नाही. हे दोन नियम मला गेल्या दहा वर्षांतल्या तेलाच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा उपयोगी वाटतात.

आता पुन्हा बीपीकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत चोवीस आणि स्त्रियांत एकवीस टक्के लोकांचं बीपी वाढलेलं किंवा गोळीवर आढळलं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून पहिल्यांदा सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे घेतले. तिथली पद्धत साधी आहे : बीपी मोजा, ठरलेली गोळी द्या, महिन्याने पुन्हा बोलवा, न आलेल्याला शोधा. त्या वेळापत्रकात तेलाला जागा नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण भंडारा म्हणजे जवसाचा जुना मुलूख आणि सिंधुदुर्ग म्हणजे तारली-बांगड्याचा. नोंदणी झालेले, गोळीवर असलेले, दर महिन्याला बीपी मोजून घेणारे हजारो रुग्ण तिथे आधीपासून आहेत. त्यांच्यातल्या काहींना सहा महिने रोज ३० ग्रॅम बिनमिठाचं भरडलेलं जवस भाकरीतून द्यायचं, काहींना तेवढंच ज्वारीचं पीठ, आणि कुणाला काय मिळालं हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. विनिपेगचा दहा अंकांचा उतार मराठी ताटावर टिकतो की दोन-तीनवर येतो, याचं उत्तर तेवढ्याने मिळेल, आणि त्यासाठी लागणारं जवस एका टेम्पोत मावेल.